कांदा खाऊन आत येऊ नये

खामगावजवळच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात एक लहानशी खोली होती आणि तिच्या दाराशी श्रीपतराव उभे असत. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, “हा कर.” मग आपण तोंड उघडून हाऽऽ करायचं. श्रीपतराव डोळे मिटून, मान जराशी वाकडी करून त्या श्वासाचा वास घेत. अत्तरवाला नवा फाया हुंगतो तसा. पटला तर “जा.” नाही पटला तर, “कांदा. दुपारून ये.”

यातून कोणी सुटत नसे. हमाल नाही, फिटर नाही, मुकादम नाही. एकदा शेठजींचे जावई मुंबईहून कारखाना बघायला आले. अंगात सूट, डोळ्यांवर काळा चष्मा. श्रीपतरावांनी त्यांना नमस्कार केला, सूट झकास आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, “हा करा.” जावईबापूंनी केलं. लसूण निघाली. शेठजींच्या घरात कांदा-लसूण वर्ज्य होती, त्यामुळे पुढे सासुरवाडीत काय झालं ते आमच्यापर्यंत कधी आलं नाही.

दारावर निळ्या रंगात पाटी होती : ‘कांदा खाऊन आत येऊ नये.’ खाली कोणीतरी खडूनं ‘हुकमावरून, निकेलभाऊ’ असं लिहून ठेवलं होतं. श्रीपतरावांनी ते पुसलं नाही. मग तेच नाव पडलं.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. श्रीपतरावांबद्दल तर आजवर हसण्यावारीच बोललो. चार माणसं जमली आणि खामगावच्या दिवसांचा विषय निघाला, की मी त्या ‘हा कर’ची नक्कल करतो, मंडळी हसतात आणि मी तिथंच थांबतो. पुढचं सांगत नाही. आता केस पिकले, आता थांबण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून राजधानी म्हटलं की नागपूरकडे बोट दाखवत. घराघरांत चुलीमागे वनस्पती तुपाचा रिकामा डबा असे. त्यात ज्वारी, नाहीतर तुळस. डबा सगळ्यांना हवा असे, आतल्या तुपाला मात्र सगळे नावं ठेवत. सरकीच्या आणि भुईमुगाच्या तेलाचं हे घट्ट पांढरं तूप होतं कसं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी लोणारचा, नवा बी.एस्सी. होऊन आलो होतो. मलाही पुस्तकापुरतंच ठाऊक होतं.

ते श्रीपतरावांनी शिकवलं. तापलेल्या तेलात हायड्रोजन वायू सोडायचा. पण नुसता सोडला तर तेल आणि वायू एस.टी.तल्या अनोळखी उतारूंसारखे शेजारी बसून राहतात, बोलत नाहीत. त्यांची गाठ घालून द्यायला निकेल लागतं. निकेल म्हणजे धातूच, पण काजळापेक्षाही बारीक कुटल्यासारखा. इतका बारीक का, असं मी विचारलं तेव्हा श्रीपतराव म्हणाले, “निकेलचा गोळा म्हनजे गावचा पाटील. वरून रुबाब, अन् आतलं सारं अंग बसेलं रिकामं. त्याचीच भुकटी केली का कना न् कना कामाले लागते. जितलं बारीक, तितले हात जास्त.”

त्या हातांनी तेल आणि वायू धरायचे, एकमेकांत घालायचे, आणि सोडून द्यायचं. तूप झालं की निकेल कापडातून गाळून परत घ्यायचं. जसं गेलं तसं परत. हे सांगताना श्रीपतरावांचा आवाज कीर्तनकारासारखा व्हायचा. “काम करावं अन् बाजूले व्हावं,” ते म्हणत. हे त्यांचं ब्रीदवाक्य. चहा देऊन टपरीवाला तिथंच घुटमळला तरी त्याला हेच ऐकवत.

आणि निकेलचा वैरी गंधक. कांद्यात गंधक, लसणीत गंधक, अंड्यात गंधक, मोहरीत गंधक. ते निकेलच्या हातांवर येऊन बसतं आणि एकदा बसलं की उठत नाही. “मंग त्याचा हात मोकळा कुठून राहीन? ना तेल धरता येत, ना वायू. जित्तं असून मेलेलं.” असं श्रीपतराव सांगत, जणू ओळखीच्या कोणाची गोष्ट.

अख्खं जग त्यांनी या दोहोंत वाटून टाकलं होतं. आम्ही एका लग्नाला गेलो होतो. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ अक्षता पडल्याबरोबर, पंगतीलाही न थांबता, छत्री उचलून निघाला. श्रीपतरावांनी मला कोपरानं ढोसलं, “तो पाह्य. निकेल चाललं.” तेवढ्यात मांडवाच्या खांबाआड दोघी जणी नवरीच्या मावशीला काय रोग होता ते एकमेकींच्या कानात सांगत होत्या. श्रीपतरावांनी ते ऐकलं आणि ताटावरून उठले. जिलबी तशीच राहिली. “गंधक,” एवढंच म्हणाले. मला वाटलं, विक्षिप्तपणा.

माझं गाव त्यांना कळलं तेव्हा तर ते खुर्चीसकट मागे सरकले होते. आमच्या तळ्याच्या काठाशी सडक्या अंड्यासारखा वास असतो. आम्हां लोणारच्या लोकांना तो घरचाच वाटतो. “लोनार?” ते म्हणाले. “तू तर गंधकाच्या माहेरचा निघाला बे.” मला नव्या शर्टासकट नळाखाली उभं केलं, आणि त्या दिवसापासून माझं नावच ‘लोणार’ झालं. नवरात्रात तळ्याकाठच्या कमळजेच्या दर्शनाला जाऊन आलो की कपडे धुऊन वाळेपर्यंत मला निकेलच्या खोलीत प्रवेश नसे. देवीचा अंगारा दिला तर ते हात न लावता दुरून नमस्कार करत.

आता गंमत अशी, की स्वतः श्रीपतराव डोणगावच्या कांदेवाल्या माळ्यांच्या घरचे. त्यांचे थोरले भाऊ एकदा एस.टी.च्या टपावर कांद्याचं पोतं टाकून भेटायला आले. श्रीपतरावांनी पोतं फाटकाबाहेर ठेवायला लावलं, आणि भावाला समोरच्या निंबाखाली. स्वतः मध्ये दहा पावलं अंतर ठेवून उभे. भाऊ बुंध्याशी टेकले. पाणी प्यायले, तोंड पुसलं, आणि फाटकाशी जमलेल्या आम्हां सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “कांद्यावर शिकला, कांद्यावर बी.एस्सी. झाला, अन् आता कांद्यालेच वेशीबाहेर बसवते. पाहा हो याची करनी.”

“दादा, तो कांदा नाही, त्यातलं गंधक...”

“मंग गंधक काढून आनतो पुढच्या खेपेले. सोलून.”

पोतं शेवटी आम्ही वाटून घेतलं. श्रीपतराव भावाला एस.टी.पर्यंत सोडायला गेले. तेही रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं.

त्यांची आणखी एक सवय होती. ते कारखान्यात आल्याबरोबर आंघोळ करत. घरून करून आलेले असत तरी. थंडीच्या दिवसांत, उघड्यावरच्या नळाखाली. मग दगडानं बोटं घासत, काडीनं नखं कोरत, आणि हात नाकाशी नेऊन हुंगत. हे झाल्याशिवाय खोलीचं कुलूप उघडत नसत. कामगार म्हणत, माळ्याच्या पोटी सोवळेबुवा जन्मला. मीही म्हणे. ते राहायचे कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे, वस्ती संपते तिथं. कोणाला घरी बोलावत नसत. बायको आहे एवढं माहीत होतं. तिला हळदीकुंकवाला, देवळात, बाजारात कोणी पाहिलं नव्हतं. त्यावरही आम्ही बोलत असू. फावल्या वेळात माणसं दुसरं काय करतात?

त्या खोलीत श्रीपतरावांचं एक स्वप्न शिजत होतं. कारखान्याला निकेल मुंबईहून सीलबंद डब्यातून यायचं. वापरून वापरून मंदावलं की फेकून द्यायचं. श्रीपतराव म्हणत, फेकायचं कशाला? ते तेजाबात विरघळवून, धुऊन, भाजून, हायड्रोजनच्या झोतात धरून पुन्हा जिवंत करता येतं. त्यांनी ते केलंही. थोडंसंच. कोरडं पडलं तर हवेतच पेट घेईल इतकं तरतरीत. त्यांच्या डगल्याला समोरच तळव्याएवढं भोक होतं, ते त्याच्याच एका चटक्याचं. ते निकेल तेलात बुडवून बरणीत ठेवलेलं असे, आणि बरणी हलवताना ते हळूच म्हणत, “झोप माय, झोप.”

शेठजी अखेर तयार झाले. लहान भांड्यात आधी मुंबईच्या निकेलची परीक्षा, मग श्रीपतरावांच्या. घरचं निकेल चाललं तर खोली वाढवायची, श्रीपतरावांच्या हाताखाली माणसं द्यायची. नाही चाललं तर खोली बंद, श्रीपतराव साबण खात्यात. एकादशीला शेठजींना परगावी जायचं होतं, म्हणून त्यांनी त्याआधीचा एक सोयीचा दिवस दिला. तो दिवस आषाढ शुद्ध नवमी निघाला.

कांदेनवमी. चातुर्मासात चार महिने कांदा खायचा नाही म्हणून घरोघर एकाच दिवशी मन भरून खाऊन घ्यायचा. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची चटणी. त्या सकाळी खामगावच्या गल्लीतून चालताना डोळ्यांतून पाणी येत होतं. श्रीपतरावांनी आदल्या दिवशी प्रत्येकाला बजावलं होतं. मला तर वेगळं बोलावून : “लोनार, भांडं ढवळाले तू हायस. उद्याचा दिवस सांभाळ. मंग मीच तुले भजे खाऊ घालतो.” मी हो म्हणालो होतो. पण सकाळी घरमालकीण काकूंनी ताट आणून पुढ्यात ठेवलं. घरापासून दूर राहणारं पोर, सणाचा दिवस, वरून पाऊस. मी खाल्लं. एक म्हणता म्हणता ताट रिकामं केलं. मग बडीशेप खाल्ली, वेलदोडा खाल्ला, वाटेत निंबाचा पाला चावला, आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.

“हा कर.”

मी केलं. त्यांनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मी मनातल्या मनात कमळजेला नारळ कबूल केला.

“जा,” श्रीपतराव म्हणाले.

मुंबईचं निकेल पहिलं. वायू सोडला, आणि भांड्यावरच्या दाबाचा काटा सावकाश खाली येऊ लागला. काटा उतरतो म्हणजे तेल वायू पितं आहे. विहिरीत दोर सुटावा तसा तो उतरला. भांडं निवल्यावर आत पांढरं, रवाळ तूप. शेठजींनी मान डोलावली.

मग भांडं धुऊन श्रीपतरावांनी बरणी उघडली. कोणाला हात लावू दिला नाही. चमच्याला चिकटलेलं शेवटचं निकेल बोटानं निपटून घातलं. मी भांड्यावर वाकून, दम लागेपर्यंत ढवळलं. झाकण बसलं, वायू सुटला. काटा उभा. आम्ही थांबलो. काटा उभाच. श्रीपतरावांनी काचेवर नखानं टिचकी मारली, कधी कधी काटा अडकतो म्हणून. तो अडकला नव्हता. भांड्यातलं तेल तेलच राहिलं.

शेठजी वाईट माणूस नव्हते. “रहने दो, श्रीपतराव,” ते हलकेच म्हणाले. “मुंबईवालाच ठीक आहे.” आणि श्रीपतरावांनी आमच्याकडे न बघता सांगितलं, “माल माहा, खोट माही.” वायूचा नळ बंद केला, भांडं पुसलं, खोलीची किल्ली शेठजींच्या हातात दिली. त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही. मलाही नाही.

तोंडाच्या वासानं निकेल मरत नाही, हे रसायनशास्त्र मला आज कळतं. बहुधा तेव्हाही कळत होतं. पण त्या खोलीत श्रीपतरावांचं रसायनशास्त्र चालत असे, आणि त्याप्रमाणे मी गुन्हेगार होतो. ते साबण खात्यात गेले. दारावरची पाटी कोणी काढली नाही, पण आता समोरून जाता-येता लोक मुद्दाम ढेकर देत. मला तो आवाज ऐकवेना. श्रावणातल्या एका रविवारी दुपारी मी जिनिंगच्या पलीकडे गेलो. जाऊन सांगून टाकावं, शिव्या खाव्यात, मोकळं व्हावं.

दार अर्धवट उघडं होतं. उंबऱ्याशीच मला एक वास आला आणि मी थबकलो. अगदी आमच्या तळ्याचा नव्हे, पण त्याच्याच भावकीतला.

श्रीपतराव खाली मांडी घालून बसले होते. समोर त्यांच्या पत्नी, हात पुढे करून. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी भेगाळलेली, खवले धरलेली, पिवळी दिसत होती. पिवळी होती ती मलमानं. श्रीपतराव एकेक बोट धरून, भेगांतून मलम भरत होते. ज्या बोटांनी ते निकेल हाताळत, त्याच बोटांनी, तितक्याच हलक्या हातानं. मला पाहून बाईंनी हात पदराखाली ओढले.

“राहू दे, गिरजा,” श्रीपतराव म्हणाले. “लोनारचा पोरगा हाय. त्याले या वासाची सवय हाय.” मग माझ्याकडे वळून, “गंधकाचं मलम. बाकी कशानं उतार पडत नाही. महारोग नाही बरं, डॉक्टरनं तसं लिहून देल्लं हाय. पन लिहेलं कोन वाचते? विहिरीवर गेली का बाया बादली उचलून घेत. म्हनून इकडं आलो राहाले.”

मी बसलो. आंघोळ, दगड, नखं कोरायची काडी, दुरून केलेला नमस्कार, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरून मी एवढंच म्हणालो, “मी त्या दिवशी कांदा खाल्ला होता.”

श्रीपतरावांनी मलमाचं बोट पुसलं. मग हसले. “खाल्लाच होता का बे? मले वास आलाच नाही.”

“इतका वेळ डोळे मिटले होते तुम्ही.”

“हाव. माह्याच हाताचा वास येऊन राह्यला होता. हिले आदल्या राती फार त्रास झाला, सकाळपर्यंत लावत बसलो. दोनदा आंघोळ केली, घासलं, कोरलं. तरी नखात राह्यलं असंन.” त्यांनी आपल्या नखांकडे पाहिलं. “अन् त्याच बोटानं निकेल निपटलं. तुह्या कांद्यानं नाही मेलं ते.”

मी म्हणालो, मग शेठजींना सांगा की. निकेल चांगलं होतं, गंधक लागलं म्हणून बिघडलं. ते पुन्हा परीक्षा घेतील.

“घेतीन. पन विचारतीन ना, गंधक कुठून आलं?” त्यांनी डबीचं झाकण लावलं. “कारखान्यात बोललं का संध्याकाळी बाजारात, अन् दुसऱ्या दिवशी डोनगावात. हिच्या धाकट्या बहिनीची सोयरीक चालू हाय. खांबाआड बोलनाऱ्या बाया कमी हायत का?”

तेव्हा मला सुचलं. कांदा मीच पुढे करायचा होता. शेठजींना सांगायचं, मी कांदा खाऊन आत गेलो, माल मी बिघडवला. शेठजींनी ते नक्की मानलं असतं; सगळा कारखाना तेच मानायला तयार होता. गिरजाबाईंचं नाव न घेता दुसरी परीक्षा मिळाली असती. मी तसं म्हणालोही, तोंडातल्या तोंडात. श्रीपतराव लगेच म्हणाले, “नको बे. तुही नोकरी नवी हाय. काढून टाकतीन.” त्यांनी नको म्हटलं, आणि मी त्यांचं ऐकलं. फार चटकन ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेठजी व्हरांड्यात एकटे उभे होते, मी जवळून नमस्कार करून गेलो. त्यानंतरही कितीदा. धाकटीचं लग्न झालं, श्रीपतराव साबण खात्यातूनच निवृत्त झाले, आणि निकेल शेवटपर्यंत मुंबईहून येत राहिलं. मी त्यांचा सारा धडा शिकलो, फक्त अर्धाच पाळला. काम न करताच बाजूला झालो.

पण त्या दुपारी मला जेवायला बसवलं होतं, ते सांगायचं राहिलं. गिरजाबाईंनी श्रीपतरावांना ताटं घ्यायला सांगितलं. ज्वारीची भाकर, झुणका. कोपऱ्यात एक पोतं होतं, डोणगावचं. श्रीपतरावांनी त्यातून एक कांदा काढला, जमिनीवर ठेवला आणि मूठ मारून फोडला. चातुर्मास आहे ना, असं मी म्हणायला गेलो, तर बाई हसून म्हणाल्या, “ह्यांचा चातुर्मास बारा महिन्याचा झाला होता बाप्पा. त्या निकेलपायी माह्या घरातून कांदा गेला होता. सवत गेली अन् तो परत आला.”

“पाह्य कशी बोलते,” श्रीपतराव म्हणाले.

गिरजाबाईंच्या हातांवर मलम ओलं होतं. श्रीपतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर झुणका घेतला, वर कांद्याची पाकळी ठेवली, आणि घास तिच्या तोंडापाशी नेला.

“हा कर,” ते म्हणाले.

तिनं केलं. या वेळी त्यांनी वास घेतला नाही.